शिक्षेनंतरचा पत्ता : लैंगिक गुन्हेगारांच्या वास्तव्यावरील निर्बंधांचा प्रश्न

लैंगिक गुन्ह्याबद्दल शिक्षा भोगून तुरुंगाबाहेर आलेल्या माणसाने कोठे राहावे, हा प्रश्न वरवर पाहता पोलिसी बंदोबस्ताचा वाटतो. परंतु शिक्षेची मुदत संपल्यावर राज्यसंस्थेचा त्या माणसावरचा अधिकार कोठवर चालतो, आपल्या वस्तीत कोण राहायला आले आहे हे जाणून घेण्याचा शेजाऱ्यांचा हक्क किती, आणि जिच्यावर अत्याचार झाला तिला आपल्याच घरी, आपल्याच आळीत निर्धास्तपणे राहता यावे ही जबाबदारी कोणाची, असे तीन निरनिराळे प्रश्न त्यात एकमेकांत गुंतलेले आहेत. यांपैकी पहिल्यावर न्यायालयांनी पुष्कळ लिहिले आहे, दुसऱ्यावर वृत्तपत्रांतून आणि सभांतून पुष्कळ बोलले जाते. तिसरा मात्र बहुधा मागे पडतो. प्रस्तुत ग्रंथाची मांडणी या तिसऱ्या प्रश्नाला मध्यभागी ठेवून केलेली आहे.

आरंभी काही संज्ञांचा उलगडा आवश्यक आहे. ‘वास्तव्य-निर्बंध’ म्हणजे दोषसिद्ध व्यक्तीने शाळा, पाळणाघर, उद्यान, क्रीडांगण अशा ठिकाणांपासून ठरावीक अंतराच्या आत घर करू नये, असे कायद्याने घातलेले बंधन. ‘प्रवेशबंदी’ याहून वेगळी : तीत घर कोठे असावे याविषयी कायदा काही म्हणत नाही, विशिष्ट जागेत पाऊल ठेवण्यास मात्र मनाई करतो. ‘नोंदणी’ म्हणजे अशा व्यक्तीचा पत्ता, छायाचित्र आणि बोटांचे ठसे यांसारखी माहिती शासनदप्तरी ठेवणे, आणि ‘प्रकटन’ म्हणजे ती माहिती सर्वसामान्यांना खुली करणे. आपल्याकडे ‘तडीपारी’ या नावाने ओळखली जाणारी हद्दपारी या सर्वांहून जुनी असून, तीत माणसाला एखाद्या जागेपासून दूर न ठेवता संपूर्ण शहराबाहेर किंवा जिल्ह्याबाहेर काढले जाते. सार्वजनिक चर्चेत या पाचही गोष्टींची सरमिसळ होते आणि एकीच्या समर्थनार्थ दुसरीचा दाखला दिला जातो. त्यामुळे त्यांतील भेद पुढील विवेचनात काटेकोरपणे पाळला आहे.

अंतर फुटांत मोजणारा वास्तव्य-निर्बंध ही प्रामुख्याने अमेरिकेतील निर्मिती आहे. न्यू जर्सी राज्याने १९९४ मध्ये ‘मेगन्स लॉ’ या नावाने प्रसिद्ध असलेला प्रकटनाचा कायदा केला आणि १९९६ मध्ये त्याच धर्तीवर संघराज्याचा कायदा आला. फ्लोरिडाने १९९५ मध्येच काही गुन्हेगारांना शाळेपासून १,००० फुटांच्या आत राहण्यास मनाई केली होती. पुढच्या दहा-बारा वर्षांत हे अंतर वाढत गेले. आयोवा राज्याने २००२ मध्ये २,००० फुटांचा, म्हणजे सुमारे ६१० मीटरचा नियम केला आणि तो २००५ मध्ये संघीय अपील न्यायालयात टिकला. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २००६ मध्ये तेवढ्याच अंतराचा प्रस्ताव सार्वमताने मंजूर केला. परंतु ज्या आयोवाने न्यायालयीन लढाई जिंकली, तेथील सरकारी वकिलांच्या संघटनेनेच २००६ मध्ये या नियमाविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. नियमामुळे गुन्हेगार पत्ता लपवू लागले आहेत, ज्यांच्यावर नजर ठेवायची तेच नजरेआड होत आहेत, आणि घरातल्याच माणसाविरुद्ध तक्रार करण्यास कुटुंबे कचरू लागली आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर २००९ मध्ये त्या राज्याने २,००० फुटांचा नियम गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित करून इतरांसाठी प्रवेशबंदीचा मार्ग धरला. फ्लोरिडातील मायामी येथे, शहरात नियमात बसणारे घरच मिळेना म्हणून शिक्षा भोगून आलेल्या माणसांनी ज्यूलिया टटल नावाच्या पुलाखाली वस्ती केली आणि २०१० मध्ये ती उठवण्यात आली. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये, सॅन डिएगो परगण्यातील पॅरोलवरील सर्व गुन्हेगारांना सरसकट लावलेला हा नियम घटनाबाह्य ठरवला. अशा माणसांना बेघर करणारा नियम बालकांच्या रक्षणाचा आपला हेतूही साध्य करीत नाही, असा त्या निर्णयाचा मथितार्थ होता.

हा नियम पुण्याच्या जुन्या पेठांत आणून पाहिला, तर त्याचे स्वरूप कागदावरच्यापेक्षा अधिक स्पष्ट होते. नारायण पेठ मुठेच्या काठाजवळची, केळकर रस्ता आणि लक्ष्मी रस्ता यांच्या आसपास दाटलेली वस्ती आहे. १८८४ मध्ये स्थापन झालेली मुलींची हुजूरपागा, रमणबाग, नूतन मराठी विद्यालय अशा नामांकित शाळा या पेठेत किंवा तिच्या लगत काही मिनिटांच्या चालीवर आहेत; त्यांखेरीज महापालिकेच्या शाळा, बालवाड्या, शिकवण्या आणि पाळणाघरे आहेतच. एकट्या हुजूरपागेभोवती ६१० मीटरचे वर्तुळ काढले तरी पेठेचा मोठा भाग त्यात येतो, आणि उरलेल्या शाळांची वर्तुळे त्यावर पडली की पत्र्या मारुतीपासून मुंजाबाच्या बोळापर्यंत नियमात बसणारे घर सापडणे दुरापास्त होते. अंतर सरळ रेषेत मोजायचे की पायवाटेने, शाळेच्या फाटकापासून की आवाराच्या भिंतीपासून, हे अमेरिकेत वर्षानुवर्षे चाललेले वाद बोळाबोळांच्या या वस्तीत प्रत्येक वाड्यागणिक उभे राहतील. शिवाय या पेठेत मूळ रहिवाशांच्या बरोबरीने स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे, अभ्यासिकांत बसणारे आणि ‘कॉट बेसिस’वर राहणारे शेकडो तरुण-तरुणी आहेत, त्यांचे पत्ते दर काही महिन्यांनी बदलतात. अशा ठिकाणी शाळेभोवतीचे वर्तुळ म्हणजे व्यवहारात संपूर्ण जुन्या शहरातून हद्दपारीच होय. आणि हद्दपारी हा महाराष्ट्राला नवा विषय नाही.

भारतात लैंगिक गुन्हेगारांसाठी स्वतंत्र वास्तव्य-निर्बंधाचा कायदा नाही, हे खरे. परंतु त्यावरून येथे असे कोणतेच बंधन नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५७ नुसार, २०२४ मध्ये रद्द झालेल्या भारतीय दंड संहितेच्या ठरावीक प्रकरणांखाली दोषी ठरलेली व्यक्ती तसाच गुन्हा पुन्हा करण्याचा संभव आहे असे सक्षम अधिकाऱ्यास सकारण वाटल्यास, तिला हद्दपार करता येते. शरीराविरुद्धच्या गुन्ह्यांचे सोळावे प्रकरण त्यांत असल्यामुळे बलात्कारासारखे गुन्हे या कलमाच्या कक्षेत येतात. कलम ५८ प्रमाणे हद्दपारीची मुदत दोन वर्षांहून अधिक असू शकत नाही, कलम ५९ प्रमाणे आधी नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, आणि कलम ६० अन्वये राज्य शासनाकडे अपील करता येते. दुसरी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५६ मध्ये होती आणि ती आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९४ मध्ये आहे. तिच्यानुसार, ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्या माणसाने सुटकेनंतर पाच वर्षांपर्यंत आपला पत्ता आणि त्यातील बदल कळवावा, असा आदेश शिक्षा सुनावतानाच न्यायालयाला देता येतो. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीसूची सुरू केली. ती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे असून केवळ तपासयंत्रणांना पाहता येते, म्हणजे भारताने नोंदणी स्वीकारली पण प्रकटन नाकारले.

तडीपारीच्या या अधिकारामागे दीर्घ इतिहास आहे. १९०२ च्या मुंबई शहर पोलीस कायद्यातील तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये गुरबचन सिंग यांच्या प्रकरणात वैध ठरवली आणि १९५६ मध्ये हरी खेमू गवळी यांच्या प्रकरणात कलम ५७ ही बहुमताने टिकले. न्यायमूर्ती जगन्नाथदास यांनी मात्र भिन्नमत नोंदवले. देशात कोठेही फिरण्याचे आणि राहण्याचे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने दिले असले, तरी सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, हा त्या निर्णयांचा पाया होता. न्यायालयाचा सूर पुढे अधिक सावध झाला. जालना जिल्ह्यातील दीपक डोंगरे यांच्या प्रकरणात २०२२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, हद्दपारी हा असाधारण उपाय असून तो क्वचितच वापरला जावा, कारण त्यामुळे माणूस स्वतःच्या घरात कुटुंबासह राहण्यास मुकतो आणि त्याची उपजीविकाही जाऊ शकते. दोन वर्षांची कमाल मुदत लावायची तर तिची कारणे नोंदवली पाहिजेत.

माणसाला जागेने बांधण्याच्या अधिकाराचा दुरुपयोग महाराष्ट्राने जवळून पाहिला आहे. विनायक दामोदर सावरकर यांना १९२४ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याबाहेर न जाण्याच्या अटीवर मुक्त करण्यात आले आणि ती स्थानबद्धता १९३७ पर्यंत टिकली. तेथे कारण राजकीय होते. त्याहून व्यापक आणि क्रूर प्रकार होता तो गुन्हेगार जमाती कायद्याचा. १८७१ मध्ये सुरू झालेल्या या कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून हजेरी आणि परवान्याच्या जाचात अडकवले, सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांना तारेच्या कुंपणाआडच्या ‘सेटलमेंट’मध्ये ठेवले, आणि हे सारे सार्वजनिक सुरक्षिततेच्या नावाने चालले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा संपुष्टात आला, तरी पारधी वा कैकाडी वस्तीकडे पाहण्याची पोलिसांची आणि गावकऱ्यांची नजर अद्याप पुरती बदललेली नाही. दोषसिद्ध लैंगिक गुन्हेगार आणि जन्माने संशयित ठरवलेला माणूस यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही, कारण पहिल्याने गुन्हा केलेला असतो आणि दुसऱ्याने काहीच केलेले नसते. परंतु व्यक्तीची स्वतंत्र पारख न करता वर्ग पाहून पत्ता ठरवणारा कायदा कोठे जाऊन पोहोचतो, याचा हा पुरावा नजरेआड करता येणार नाही.

आता गुन्ह्याच्या स्वरूपाकडे वळले पाहिजे, कारण उपायाची कसोटी अखेर तेथेच लागते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक नोंदलेल्या प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो, असे वर्षानुवर्षे दिसून येते : तो नातेवाईक असतो, शेजारी असतो, शिक्षक वा मालक असतो, किंवा लग्नाचे आमिष दाखवणारा मित्र असतो. शाळेभोवतीच्या वर्तुळामागे जे भयचित्र आहे, ते फाटकाबाहेर घुटमळणाऱ्या अनोळखी माणसाचे. आणि या आकड्यांत तो माणूस फारच थोडा सापडतो. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूर प्रकरणात आरोप होता तो शाळेत कामाला असलेल्या सफाई कर्मचाऱ्यावर, आणि खटला चालण्यापूर्वीच सप्टेंबरमध्ये तो पोलीस ताब्यात असताना गोळीबारात मारला गेला. तो कोठे राहतो याचा त्या घटनेशी काहीच संबंध नव्हता, संबंध होता तो नेमणुकीपूर्वीच्या चौकशीचा, शाळेच्या आतील देखरेखीचा आणि पालकांची तक्रार तातडीने न घेण्याचा. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या तुरुंग विभागाने २००७ मध्ये पुन्हा लैंगिक गुन्हा करून तुरुंगात आलेल्या २२४ जणांची प्रकरणे एकेक करून तपासली, तेव्हा वास्तव्य-निर्बंधामुळे टळला असता असा एकही गुन्हा त्यांत आढळला नाही.

एवढ्यावरून निर्बंधांच्या समर्थकांची बाजू मोडीत काढणे न्याय्य ठरणार नाही. पुन्हा गुन्हा करणारे असतात, हे मुंबईतील शक्ती मिल प्रकरणाने दाखवले. २०१३ च्या त्या गुन्ह्यातील तिघांना पुनरावृत्तीच्या कलमाखाली फाशी झाली आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती शिक्षा, पॅरोल वा फर्लोविना, उर्वरित आयुष्यभराच्या जन्मठेपेत बदलली. दोषसिद्धीचे प्रमाण कमी, खटले रेंगाळणारे आणि सुटलेल्या माणसावर देखरेख ठेवणारी यंत्रणा जवळजवळ नसलेली, अशा स्थितीत आईबापांनी निदान शाळेच्या आसपास तरी तो नको म्हणावे, यात गैर काही नाही. त्यांच्या भीतीला उत्तर द्यायचे तर ते मानसशास्त्राच्या व्याख्यानाने देता येत नाही, चालणारी व्यवस्था दाखवून द्यावे लागते. अशी व्यवस्था नसेल तेथे समाज आपली व्यवस्था करतो : घरमालक भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देतो, सोसायटीचे पदाधिकारी तोंडी नकार कळवतात, गावकी बहिष्कार घालते, आणि या साऱ्याला ना मुदत असते ना अपील.

या चर्चेत कोणत्या बाजूला घर सोडावे लागते, हा खरा कळीचा मुद्दा आहे. ओळखीच्या माणसाने केलेल्या गुन्ह्यात तक्रार झाल्यावर मुलीची शाळा बदलली जाते, तिला मामाकडे किंवा वसतिगृहात पाठवले जाते, कुटुंब भाड्याची खोली सोडते; आरोपी जामिनावर येऊन त्याच चाळीत राहतो. बिल्किस बानो यांच्यावरील सामूहिक बलात्काराचा खटला सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये गुजरातबाहेर मुंबईत हलवला आणि २००८ मध्ये तेथेच ११ जणांना जन्मठेप झाली. पण गुजरात शासनाने त्यांना १५ ऑगस्ट २०२२ रोजी मुदतपूर्व सोडले, तेव्हा रंधिकपूर या गावातील अनेक मुस्लिम कुटुंबांनीच भीतीपोटी गाव सोडल्याच्या बातम्या आल्या. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी ती सुटका रद्द केली. तो अधिकार महाराष्ट्र शासनाचा होता, हे त्याचे मुख्य कारण होते. मात्र सुटका कायदेशीर असती, तर गाव कोणी सोडावे याचे उत्तर आजच्या कायद्यात स्पष्टपणे कोठेच सापडले नसते.

विशेष म्हणजे या उत्तराची बीजे भारतीय कायद्यातच आहेत. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम १९ अन्वये दंडाधिकारी प्रतिवादी पुरुषाला सामायिक घर सोडून जाण्याचा आदेश देऊ शकतो, आणि कलम १८ अन्वये पीडितेच्या कामाच्या ठिकाणी किंवा पीडित बालक असल्यास त्याच्या शाळेत येण्यास त्याला मनाई करू शकतो. जामीन देताना आरोपीने पीडितेच्या गावात वा तालुक्यात पाऊल ठेवू नये, अशी अट न्यायालये घालतात. अपर्णा भट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आरोपी आणि पीडिता यांचा संपर्क घडवणाऱ्या जामिनाच्या अटी घालू नयेत, असे बजावले. या सर्व तरतुदींत अंतर मोजले जाते ते एका विशिष्ट स्त्रीपासून वा बालकापासून, आदेश देतो तो दोन्ही बाजू ऐकून घेणारा न्यायाधीश, आणि परिस्थिती बदलल्यास आदेशही बदलता येतो. अडचण इतकीच की, जामिनाची अट खटल्यासोबत संपते आणि कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा घरगुती नात्यापुरता आहे. शिक्षा भोगून आल्यानंतरचा काळ दोहोंच्या कक्षेबाहेर राहतो.

ही पोकळी सरसकट वर्तुळांनी भरू नये, याचे आणखी एक कारण बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या, म्हणजे ‘पॉक्सो’च्या अंमलबजावणीत आहे. २०१२ च्या या कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या संमतीला अर्थ उरला नाही, आणि परिणामी घरच्यांच्या विरोधामुळे पळून गेलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या समवयस्क मित्रावरही तेच कलम लागू लागले. मुंबई उच्च न्यायालयासह अनेक न्यायालयांनी या प्रश्नाकडे लक्ष वेधले आहे. दोषसिद्धीच्या नोंदीवरून आपोआप लागू होणारा निर्बंध अशा मुलाला आणि चार वर्षांच्या बालकावर अत्याचार करणाऱ्याला एकाच वर्तुळाबाहेर उभे करील.

म्हणून या ग्रंथाचा निष्कर्ष असा की, निर्बंध हवेत. परंतु ते शाळेच्या नकाशावरून नव्हे, पीडितेच्या पत्त्यावरून ठरावेत. शिक्षा सुनावणाऱ्या किंवा सुटकेला संमती देणाऱ्या न्यायालयाने, पीडितेचे म्हणणे ऐकून, कारणे नोंदवून आणि ठरावीक मुदतीसाठी, दोषसिद्ध व्यक्तीने कोणत्या घराजवळ, आळीत वा गावात राहू नये हे सांगावे. मुदतीअखेर त्याचा फेरविचार व्हावा. आणि त्या व्यक्तीला दुसरीकडे राहायला जागा, काम आणि उपचार मिळतील याची जबाबदारी शासनाने घ्यावी, कारण पत्ता नसलेल्या माणसावर कोणालाच देखरेख ठेवता येत नाही. मुलांशी संबंध येणाऱ्या नोकऱ्यांसाठी राष्ट्रीय माहितीसूचीवरून पडताळणी सक्तीची करणे, हा शाळेच्या सुरक्षिततेचा वेगळा आणि अधिक थेट उपाय होय.

पुढील प्रकरणांचा क्रम या भूमिकेस अनुसरून आहे : प्रथम तडीपारीचा आणि स्थानबद्धतेचा इतिहास, मग अमेरिकी प्रयोगाची चिकित्सा, त्यानंतर महाराष्ट्रातील न्यायालयीन आदेशांचे परीक्षण, आणि शेवटी पीडितकेंद्री आदेशाचा कायदेशीर आराखडा. पीडितांची ओळख उघड होईल असा तपशील कोठेही दिलेला नाही. बिल्किस बानो यांचे नाव आले आहे ते त्यांनी स्वतःच आपली लढाई उघडपणे लढली म्हणून. नारायण पेठेसारख्या वस्तीत राहणाऱ्या वाचकाला या विवेचनातील काही निष्कर्ष अस्वस्थ करतील, कारण त्यांत त्याला शाळेभोवती आखलेल्या रेषेचा दिलासा मिळणार नाही. परंतु कोणत्याही प्रस्तावित निर्बंधाला त्याने एकच प्रश्न विचारावा, अशी अपेक्षा आहे : या नियमाने उद्या घर कोण सोडील, गुन्हा करणारा की ज्याच्यावर गुन्हा झाला तो? ज्या नियमाला याचे नेमके उत्तर देता येत नाही, तो कितीही कठोर असला तरी संरक्षणाचा नियम म्हणवून घेण्यास पात्र नाही.